गिल्बर्टच्या वाट्याचं पाणी

दोन नोव्हेंबरच्या दुपारी मी नवऱ्याच्या ताटातलं मोले चाखलं आणि मला रडूच फुटलं. चव होती. मिरचीचा झणका, तिळाचा खमंगपणा, चॉकलेटचा कडवटपणा, मीठ, सगळं जिथल्या तिथं. दोन दिवस घोटून शेगडीवरून उतरवलेला रस्सा जसा होता तसाच.

चव होती यात रडायचं काय, असं माझ्या सुनेनं विचारलं होतं. ती इथली, अमेरिकेत नेब्रास्कात जन्मलेली, तिला कुठून कळणार. आम्हा मेक्सिकोच्या लोकांत मेलेलं माणूस वर्षातून एकदा जेवायला घरी येतं. एक तारखेला दुपारी तीनला येतं, दुसऱ्या दिवशी निघतं. जाताना अन्नातला कस घेऊन जातं, मागं उरतो तो नुसता चोथा. दुसऱ्या दिवशी घास तोंडात घातला की भुसा चावल्यासारखं लागतं आणि घरची बाई निवांत होते, जेवून गेला म्हणते. माझा फाउस्तिनो जेवला नव्हता. मेल्यानंतरचं पहिलंच वर्ष, दारापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातलेली, ऊद जाळलेला, आणि हा आलाच नाही.

ताट भरलेलं, पण पाण्याचा पेला मात्र तळापर्यंत कोरडा होता. फाउस्तिनो उभ्या जन्मात पाणी प्यायला नाही हो. कॉफी प्यायचा, बिअर प्यायचा. पाण्याला म्हणायचा, ते आंघोळीला असतं.

मी तशीच शेजारी क्रिसांताकडे गेले. क्रिसांता आमच्याच गावची, मेक्सिकोतल्या त्याच डोंगरातली. पंधरा वर्षं मांसाच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभं राहून तिनं गाईच्या जिभा साफ केल्यात. तिच्यापासून काही लपत नाही.

"हाक कुणाच्या नावानं मारलीस?" तिनं विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? फाउस्तिनोच्या!"

"आणि मार्चमध्ये नऊ दिवस जपमाळ कुणाच्या नावानं ओढली आपण?"

नऊ दिवस चाळीस माणसं माझ्या घरात गुडघ्यांवर बसली होती. कारखान्यातला सुपरवायझर होता, फादर होते, माझ्या मुलाच्या, आदानच्या शाळेतले मास्तर होते. त्या सगळ्यांना माझा नवरा गिल्बर्ट सालास म्हणूनच ठाऊक. मग काय, 'गिल्बर्टच्या आत्म्याला शांती दे' म्हणत होते सगळे. मीही म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होते, कुणाला शंका नको म्हणून. थडग्याच्या दगडावरही तेच नाव कोरलं.

"मग झालं तर," क्रिसांता म्हणाली. "ज्याला बोलावलंत तो आला."

"तो कोण होता तुला माहितेय तरी का?"

"मला नको सांगूस ओदिलिया. मला रात्री झोप लागते, ती लागू दे."

आमच्या गावची सगळी माणसं जाणून होती की फाउस्तिनो दुसऱ्याच्या नावावर काम करतो. निम्मा कारखाना तसाच होता. पण ते नाव त्याच्याकडे आलं कसं, हे फक्त मला ठाऊक होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी दाढी करताना त्यानं सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही, आरशात बघून बोलला.

गिल्बर्ट सालास हा टेक्सासचा, इथंच जन्मलेला, आपल्याच रक्ताचा पण कागद पक्के असलेला. वय एकवीस. घरी भांडून निघालेला. खरबुजाच्या शेतात फाउस्तिनोच्या शेजारच्या ओळीत तोडणी करायचा. जुलैची दुपार होती, पाण्याचं पिंप रिकामं झालेलं, आणि मुकादम म्हणाला तासाभरात आणतो. तासाभरात गिल्बर्ट ओळीतच आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. मुकादम म्हणाला, पोलिसांना बोलावलं तर तुमची सगळ्यांची रवानगी झालीच म्हणून समजा. आणि फावडं दिलं फाउस्तिनोच्या हातात. कालव्याच्या कडेला, पंपाच्या खोलीमागं. ना क्रूस, ना दगड. संध्याकाळी मुकादमानं गिल्बर्टचं पाकीट त्याच्यासमोर टाकलं, म्हणाला, "ह्याचं त्याला आता काय काम? घे, तुझ्याच वयाचा आहे."

त्या पाकिटावर आमचा संसार उभा राहिला. गिल्बर्ट सालासला कारखान्यात नोकरी लागली. गिल्बर्ट सालासनं कोर्टात माझ्याशी लग्न लावलं, आणि नागरिकाची बायको म्हणून मला कागद मिळाले. आदानच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव गिल्बर्ट सालास. खोटं कशाला बोलू, मी त्या रविवारी रडले, दोन दिवस जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले. गेलेल्या पोरापेक्षा पोटातलं पोर मला जवळचं होतं.

त्या नोव्हेंबरनंतर माझ्या घरात कुणीतरी राहायला लागलं. घाबरवणारं काही नव्हतं. ओट्यावर भरून ठेवलेला पेला मी कामावरून येईपर्यंत कोरडा व्हायचा. टेबलाशी सरकवून ठेवलेली खुर्ची ओढलेली असायची, आणि तिचं तोंड नळाकडे. भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, मला स्वयंपाकघरात पाठ करून उभं राहवत नसे. मानेवर कुणाचा तरी श्वास यायचा, कोरडा, तापलेला. बाहेर गुडघाभर बर्फ आणि हा श्वास शेतातल्या उन्हाचा. सुरुवातीला मी जपमाळ घेऊन बसायचे. मग मला राग यायला लागला. मोठा पेला घेतला, रोज सकाळी भरून ठेवायचे आणि म्हणायचे, "पी बाबा, हवं तेवढं पी. पण माझा माणूस कुठं आहे ते सांग. त्याच्या दारात तू बसलायस, तो कुठल्या दारात उभा आहे?"

मला एकच गोष्ट हवी होती. फाउस्तिनो पुढच्या वर्षी घरी यावा, दोन घास जेवावा. छातीत कळ येऊन माणूस कारखान्याच्या पार्किंगमध्ये गेला, माझ्याशी शेवटचा शब्दही नाही बोलला. एकदा येऊन जेवून जा म्हटलं तर त्यात मी काय मोठं मागत होते?

मी आदानला म्हटलं, दगडावर बापाचं खरं नाव घालू. तो गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभा होता, त्या तशाच टेबलावर ठेवल्या आणि खाली बसला.

"आई, नाव बदललंस की पहिला प्रश्न तुझ्या कागदांचा येईल. तू गिल्बर्टची बायको नाहीस म्हटल्यावर तू इथं कोण? विमानात बसवतील तुला. नातीला फोनवर बघत बसशील मग."

"बसवू दे. पण बाप तुझा वाट चुकलाय रे."

"बाबा गेलेत, आई. वाट चुकायला पाय लागतात."

"वा! शाळेत पोरांना या सणाच्या कागदाच्या कवट्या रंगवायला लावतोस, आमची परंपरा म्हणून भाषणं देतोस, आणि घरात हे?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? तिथं गोऱ्यांच्या टाळ्या मिळतात एवढंच ना?"

त्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या वर्गाच्या दारावर मिस्टर सालास लिहिलंय. पोरीचं आडनाव सालास आहे. तुम्ही ते नाव उचलून आणलंत, मी नाही. मी त्यातच जन्मलो. ते काढलंस तर माझ्याकडे दुसरं काय आहे?"

दगड तसाच राहिला.

पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. बाईचा आवाज, टेक्सासकडचा, बोलताना इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही मिसळणारा. "वहिनी?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "वहिनी, मी हर्लिंदा. गिल्बर्टची थोरली बहीण. तुमच्या चर्चनं इंटरनेटवर टाकलेल्या, गेलेल्या माणसांच्या यादीत नाव बघितलं. फादरनी तुमचा नंबर दिला." ती म्हणाली, एक तारखेला येते, भावाच्या ताटाशी मला बसू द्या. या, म्हणाले मी.

आदाननं डोकं धरलं. "टेबलावरचा फोटो काढून ठेव. बाबांचा एकही फोटो दिसता कामा नये."

"फोटोशिवाय ताट मांडू? तो ओळखेल कसा आपली जागा?"

"ती ओळखेल, आई! ती!"

मी फोटो हलवला नाही. हट्टी म्हणा, मूर्ख म्हणा. एकदा तो आला नव्हता, दुसऱ्यांदा मला धोका पत्करायचा नव्हता.

एक तारखेला दुपारी दीडच्या सुमारास हर्लिंदा आली. पासष्टीची असेल, गुडघा धरलेला, केस नीट रंगवलेले, हातात अक्रोडाच्या वड्यांचा डबा आणि कापडात गुंडाळलेला आईचा फोटो. दारातच तिनं मला मिठी मारली. आदानचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उलटसुलट केला, म्हणाली, "हनुवटी आमच्या बाबांची, हो की नाही वहिनी?" आदान कसाबसा हसला.

मग ती टेबलापुढं गेली. फाउस्तिनोच्या फोटोपाशी थांबली. बराच वेळ बघितलं तिनं, चष्मा काढून बघितलं, पुन्हा लावून बघितलं.

"किती बदलला हो," ती हळूच म्हणाली. "नाक असं नव्हतं त्याचं. वयानं बदलतं ना माणूस? एकवीसचा होता मी शेवटचा बघितला तेव्हा."

"बदलतं," आदान पटकन म्हणाला. "आत्या, तुम्ही बसा, मी कॉफी आणतो."

ती बसली. आईचा फोटो तिनं फाउस्तिनोच्या शेजारी ठेवला, दोघांच्या मधली एक पाकळी सारखी केली. मग माझ्याकडे वळली.

"एक विचारू? खरं सांगाल? तो माझ्याबद्दल कधी काही बोलला?"

मी ताटाशेजारची मेणबत्ती सरळ केली.

"भांडण माझ्यामुळं झालं वहिनी. माझा रेडिओ मोडला त्यानं. रेडिओ! मी म्हटलं, चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तसं आपण रोज म्हणतो की भावाला. मला वाटलं, आठवड्यात येईल. एकतीस वर्षं?" ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "आई शेवटपर्यंत दार उघडं ठेवून बसायची. दर वर्षी बाबांचं ताट मांडायची, आजोबांचं मांडायची, त्याचं कधीच नाही. जित्या माणसाचं ताट मांडत नाहीत, माझा पोरगा जिवंत आहे म्हणायची. आणि तो खरंच जिवंत होता. इथं, बायकोपोरात. एक फोन करावासा वाटला नाही त्याला. मी एवढी वाईट होते का हो?"

तेव्हा मला कळलं गिल्बर्ट माझ्याच घरी का आला. त्याच्या घरी त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावणार कसं, त्यांच्या हिशेबी तो मेलाच नव्हता. एकतीस वर्षांत ज्या एका घरातून त्याच्या नावानं हाक गेली ते घर माझं होतं. नऊ दिवस, चाळीस माणसांच्या तोंडून. तहानलेला पोरगा, आला बिचारा.

"वहिनी, काहीतरी बोला. शिव्या देत होता म्हणा, पण बोलत होता म्हणा."

हो म्हणणं किती सोपं होतं. दोन गोड गोष्टी रचल्या असत्या, तिचं समाधान झालं असतं, संध्याकाळी बसमध्ये बसवून दिली असती. आदान तिच्या मागं कॉफीचा कप घेऊन उभा होता आणि मान हलवत होता, नको, आई, नको. सत्तावीस वर्षांचा पोरगा, पण डोळे आठ वर्षांच्या पोरासारखे झाले होते. त्याच्याकडे बघितलं असतं तर मी बोलले नसते. मी बघितलं नाही.

"तुमच्या भावानं तुमच्यावर राग नाही धरला," मी म्हणाले. "त्याला वेळच मिळाला नाही. घर सोडल्यावर दुसऱ्या महिन्यात तो गेला. हा जो फोटोत आहे तो माझा नवरा. ह्याचं नाव फाउस्तिनो."

कप बशीवर वाजला. हर्लिंदा हलली नाही. मी सगळं सांगितलं. खरबुजाचं शेत सांगितलं, पिंप सांगितलं, मुकादम, कालवा, पंपाची खोली. पाकीट सांगितलं, वर्षभर माझ्या ओट्यावर कोरडा होणारा पेलाही सांगितला. मधे थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"तहानेनं?" ती म्हणाली.

"हो."

"आमच्या अंगणात विहीर होती," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "खड्डा कुणी खणला?"

हे मी गाळलं होतं. सगळं सांगितलं होतं, एवढंच गाळलं होतं. 'मुकादमानं' असं म्हणता आलं असतं. माझा माणूस तीन वाजता घरी यायचा होता, आणि त्याचं नाव मी अशा वेळी काय म्हणून काळं करायचं?

"माझ्या नवऱ्यानं," मी म्हणाले. "त्याच्या हातात फावडं होतं."

"आणि मरेपर्यंत त्याला ती जागा माहीत होती."

"होती."

"आई नऊ वर्षांपूर्वी गेली. तोवर एक चिठ्ठी टाकता आली असती. नाव न घालता."

"आली असती."

आदान पुढं आला. "हे बघा, आईचे कागद… तुम्ही कुणाला सांगितलंत तर तिला…"

"गप बस रे," हर्लिंदा म्हणाली. ओरडली नाही. "तुझ्या आईचं काय करायचं ते मी नंतर ठरवीन. नाव माझ्या भावाचं आहे, तू वापरतोस ते. ते नाव लावून माझ्याशी कसं बोलायचं ते मी तुला सांगायची गरज पडू नये." आदान भिंतीला टेकून खाली बसला.

ती माझ्याकडे वळली. आता मी वहिनी नव्हते.

"बाई, उठा. दारात उभ्या राहा. तुमच्या नवऱ्याला नंतर बोलवा. आधी माझा. माझ्या हाकेला तो येणार नाही, त्याला तुमच्या घराची सवय लागलीय. तुम्ही सांगा त्याला. काय झालं, कुणी पुरला, सगळं. आणि सांगा की घर उघडं आहे, हर्लिंदा घ्यायला आलीय."

मी दार उघडलं. गार वारा आत शिरला, पाकळ्या सरकल्या. समोरच्या घरचा माणूस पानं गोळा करत होता, त्यानं वर बघितलं. बघू दे म्हटलं. ज्या पोराचं नाव मी इतकी वर्षं घरातही दबक्या आवाजात घेतलं त्याला मी रस्त्यावर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"गिल्बर्ट! गिल्बर्ट सालास! तुला माझ्या नवऱ्यानं पुरलं. कालव्याशी, पंपाच्या खोलीमागं. त्यानं तुझं नाव घेतलं आणि तुझ्या माणसांना कळवलं नाही. मलाही ठाऊक होतं, मीही कळवलं नाही. मला लाज वाटते रे बाबा. तुझी ताई आलीय. तिला राग नाही, रेडिओचं ती विसरली. तिच्याबरोबर घरी जा."

काही झालं नाही. दिवा विझला नाही की भांडं पडलं नाही. एवढंच झालं की वर्षभर माझ्या मानेवर असलेला तो तापलेला श्वास निघून गेला. स्वयंपाकघरात आता कुणी नव्हतं. हर्लिंदानं आईचा फोटो उचलून पुन्हा कापडात गुंडाळला, छातीशी धरला. मला वाटलं, आता ही जाईल.

घड्याळात तीन वाजले. आणि मला पायरीवर बूट घासल्याचा आवाज आला. कारखान्यातून आला की फाउस्तिनो तसाच घासायचा, आधी उजवा, मग डावा, रक्त घरात यायला नको म्हणून. पायरीवर कुणी नव्हतं. आवाज तेवढा येत होता. सावकाश, पुन्हा पुन्हा, आत यायला धजत नसल्यासारखा. तो वाट चुकला नव्हता. गेल्या वर्षीही इथंच होता. ज्याला मातीत ढकललं तो घरात बसलेला असताना ह्याला उंबरा ओलांडायचं धाडस झालं नव्हतं, एवढंच.

मागं खुर्ची सरकली. मी वळून बघितलं. हर्लिंदा गेली नव्हती. तिनं खुर्ची ओढून फाउस्तिनोच्या ताटासमोर घेतली होती, बरोबर समोर, आणि फोटो मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

"मारा हाक," ती म्हणाली. "मी इथंच बसते. जेवू दे त्याला माझ्यासमोर."

मी दाराकडे तोंड केलं. वर्षभर मी याच क्षणासाठी देवापुढं डोकं फोडलं होतं. नाव ओठांवर होतं, खरं नाव, त्याच्या आईनं ठेवलेलं. पायरीवरचं घासणं थांबलं, तो ऐकत होता. मी तोंड उघडलं आणि मनातल्या मनात पहिल्यांदाच म्हणाले, नको येऊस रे, जा इथून.

"फाउस्तिनो," मी हाक मारली. "ये."